सेमिनरी हिल्स, संकलनाचा आठवडा

पहिले एकवीस दिवस नुसते सवयीचे.
सहा गवळाऊ गाई. तिघींना कोरडं कुटार आणि मीठ,
तिघींना त्यावर किलोभर सरकीची ढेप,
रात्रभर भिजून बादलीत फुगलेली.
मग सात दिवस मोजायचे.
आत गेलेलं मोजायचं, बाहेर आलेलं मोजायचं,
एकातून दुसरं वजा करायचं.
उरतं त्याला पचन म्हणतात.

नागपुरात मे महिन्यात शेणाचं वजन घ्यायचं
म्हणजे उन्हाच्या आधी पोचायचं.
पडल्या पडल्या साय धरते त्याच्यावर,
आणि साय धरली की आकडा खोटा.
बारकाजी सयाम ओलं पोतं घेऊन
शेपटी उचलायची वाट बघत उभे.
मी वही धरते. शंभरावा हिस्सा बरणीत घालते,
वर आम्लाचे थेंब, नत्र उडू नये म्हणून.
होस्टेलच्या मेसमध्ये
आठवडाभर माझं टेबल रिकामं असतं.

कुटारात काहीच नसतं असं नाही.
असतं, कुलपात असतं.
आणि किल्ल्या ज्यांच्याकडे, ते गाईच्या पोटात राहतात,
एवढे बारीक की गाईलाही ठाऊक नाहीत.
हे बारकाजींना कसं सांगावं
म्हणून मी वर्गातलं चित्र आठवत होते,
तर तेच तंबाखू मळत म्हणाले,
"कुटार त खाते बापा ते पोटभर.
पन पोटातलेच उपाशी रायले
त कुटार शिजवन कोन?"

तीन वर्षांत मला
इतक्या कमी शब्दांत कोणी शिकवलं नव्हतं.

चौथ्या रात्री मला डुलकी लागली.
फुटाळ्याकडून गरम वारा, कुलरचं पाणी संपलेलं.
जाग आली तेव्हा सहा नंबरची कोसी
उभी होती मोकळी होऊन, शांत रवंथ करत,
आणि मागे जमिनीवर
ओला गोल डाग, फक्त डाग.

पो नाही.

दीड किलो असेल. पावणेदोन.
सहा नंबर ढेपेतली. आणि हिशेब असा निर्दय की
जे सापडलं नाही ते पचलं.
काही न लिहिता माझी ढेप
आणखी गुणकारी ठरणार होती,
कोसीचा आकडा सगळ्यांच्या वर जाणार होता,
मेंढेकर मॅडम म्हणणार होत्या, छान.

मी वही मिटून बसले.
मला आमच्या काटोलच्या घरातली
सुटलेली शाळा आठवली, ताईची.
कितीदा म्हणालो आम्ही, तिने ते पचवलं.
कोणी वजन केलं होतं?

उजाडता बारकाजींच्या क्वार्टरसमोर
अंगण हिरवंगार, बोटांच्या अर्धवर्तुळांनी भरलेलं,
उंबऱ्यापाशी मातीची करा, तिच्यावर आंबे.
सकरूबाई हात धूत होत्या.
"मीनंच नेला. अक्ती हाय न आज.
तुमी झोपल्या होत्या, मंग उठवलं नाई.
एकच त पो होता."

बारकाजी जमिनीकडे बघत राहिले.
मला रागवायचं होतं.
संशोधन, शासनाचा निधी, तीन महिने,
हे सगळं तोंडात आलं, आणि मी विचारलं,
"किती हात पुरला?"
"हे पायजा," त्या म्हणाल्या, "दारापासून तुळशीपावतर,
अन् थोडा उरला त चुलीले लावला."

मी चपला काढल्या.
गार होतं, अजून ओलं.
टाचेखाली सरकीचं एक टरफल लागलं,
न पचलेलं,
ते उचलून खिशात टाकलं, का कोण जाणे.

वहीत लिहिलं:
गाय सहा, रात्र चौथी, एक पो गहाळ,
वजन अज्ञात. हा दिवस धरू नये.
मग खोडलं "गहाळ".
त्या जागी काय लिहायचं
ते सुचेपर्यंत
पाच नंबरने शेपटी उचलली.